तांब्यावरील रेघ

गोव्याहून सावंतवाडीकडे येणारा वाटसरू इन्सुलीस थांबतो खरा, परंतु आपखुषीनें क्वचितच. येथें सरकारी तपासणी नाका आहे. मालमोटारींची रांग लागते, चालक कागदांची चळत घेऊन खालीं उतरतात, कोणाच्या सामानांत गोव्याची बाटली दडली आहे काय याचा शोध चालतो, आणि तेवढ्या अवधींत एखादा प्रवासी खिडकींतून डोकें बाहेर काढून "हें गांव कोणतें?" असें विचारतो. पुष्कळदां उत्तर कानीं पडण्यापूर्वींच गाडी सुटते.

अशा गांवाचें स्थलवर्णन अर्ध्या पृष्ठांत आटोपेल. नांवाजलेला किल्ला नाहीं, लेणें नाहीं, दूरदूरच्या यात्रेकरूंची रीघ लागावी असें क्षेत्र नाहीं. उतारावर काजू, सखल जागीं माड-पोफळी, मध्यें भाताचे कुणगे. थोड्या अंतरावर बांद्यावरून वाहणारी तेरेखोल नदी. बोली अशी कीं मालवणी कोठें संपली व गोमंतकी कोठें सुरू झाली हें ऐकणारास सांगतां येऊं नये. शाळेंतून निवृत्त होऊन आम्ही या वडिलार्जित घरीं राहावयास आलों, तेव्हां येथें पाहण्यासारखें काय आहे असें पाहुणे विचारीत व आम्ही निरुत्तर होत असूं. आतां आम्ही त्यांस तीन वाटा दाखवितों. दक्षिणेस जुनें गोवें, उत्तरेस नेरूर आणि कोचरें, पूर्वेस आंबोलीचा घाट चढून देश. गेल्या वर्षभरांत या तिन्ही वाटांनीं आम्ही जाऊन आलों, आणि तिन्ही वेळीं शोध एकाच वस्तूचा होता. ती वस्तु म्हणजे तांब्यावर कोरलेली रेघ.

निमित्त असें झालें. आमचे एक पुतणे नोकरीनिमित्त बेल्जम देशांतील अँटवर्प शहरीं असतात. मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्यांचें चतुर्थीस येणें सुलभ झालें आहे. गेल्या खेपेस त्यांनीं मुलांसाठीं चॉकलेटें आणलीं व आमच्यासाठीं पुठ्ठ्याची एक लांब नळी. नळींत जुन्या तसबिरींच्या बारा उत्तम प्रतिकृती होत्या. पडवींत सतरंजी घालून त्या पसरल्या. कागद पुन्हां गुंडाळूं लागले म्हणून कोपऱ्यांवर अडकित्ता, पानाचा डबा आणि हाताशीं आलेल्या दोन समया ठेविल्या.

बाराही मुखें प्राचीन ग्रीस व रोम येथील पुरुषांचीं होतीं: सॉक्रेटीस, प्लेटो, हिपॉक्रेटीस, सोफोक्लीस, डेमोक्रिटस, डेमॉस्थेनीस, सिसरो, सेनेका, सिपिओ, ज्यूलियस सीझर, ब्रूटस आणि नीरो. परंतु हीं चित्रें जिवंत माणसांवरून काढलेलीं नव्हत. पीटर पॉल रुबेन्स या अँटवर्पच्या प्रख्यात चित्रकारानें संगमरवरी अर्धपुतळे समोर ठेवून रेखाटनें केलीं; व्होर्स्टरमन, पोंटियस, विट्डूक आणि बोल्स्वर्ट या चार खोदकारांनीं तीं तांब्यावर कोरलीं, आणि १६३८ सालीं तीं कागदावर छापून प्रसिद्ध झालीं. म्हणजे मनुष्याचा दगड झाला, दगडाची रेघ झाली, आणि ती रेघ आमच्या पडवींत आली. प्रत्येक चित्राखालीं लॅटिन भाषेंत 'एक्स् मार्मोरे अँटिक्वो', म्हणजे 'प्राचीन संगमरवरावरून', असें लिहिलेलें आहे.

आमच्या थोरल्या वहिनी पाट मांडतां मांडतां क्षणभर वांकल्या व म्हणाल्या, "दगडाच्या डोळ्यांस बुबुळें नसतात, मग हे सारे आपल्याकडे पाहताहेत कसे?" चित्रकलेवरील मोठमोठ्या ग्रंथांस जो प्रश्न विचारावयास पुष्कळ पानें लागतात तो त्यांनीं ओल्या हातानें उभ्या उभ्या विचारला. त्याचें उत्तर द्यावयाचें तर ही विद्या कशी चालते हें थोडें सांगितलें पाहिजे.

तांब्याचा पत्रा ठोकून, घासून, कोळशानें व तेलानें आरशासारखा गुळगुळीत करतात. त्यावर आकृति उलटी उतरवितात, कारण छापतांना डाव्याचें उजवें होतें. कोरावयाच्या हत्यारास तिकडे ब्युरिन म्हणतात; चौकोनी पोलादी सळई, तिरकस घासून धार दिलेलें टोंक, आणि मागें तळहातांत बसणारी लांकडी मूठ. हातोडीचें काम नाहीं. तळहाताच्या रेट्यानें टोंक पुढें लोटावयाचें. तें नांगराच्या फाळासारखें धातूंत शिरतें, आणि पुढून तांब्याचा बारीक केंस वळत वळत निघत जातो. रेघेस वांक द्यावयाचा तर हात वळवीत नाहींत. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असतो. डाव्या हातानें तो पत्राच हळूहळू फिरवितात. रेटा वाढला कीं रेघ खोल व रुंद होते, कमी झाला कीं केंसासारखी. मग पत्र्यास दाट शाई चोळून वरची पुसून काढतात, चरांतली राहूं देतात; ओलसर कागद ठेवून दोन लाटांमधून जोरानें दाबून काढला कीं चरांतली शाई कागद उचलून घेतो. कांहीं शें प्रती निघाल्यावर रेघा झिजूं लागतात, आणि चित्र म्हातारें होतें.

आतां वहिनींचा प्रश्न. खोदकारापाशीं रंग नाहीं, करडी छटाही नाहीं. काळी रेघ आणि कोरा कागद एवढेंच भांडवल. गालाच्या गोलाईवरून रेघा वळवून न्याव्या, सांवली हवी तेथें दुसऱ्या रेघांनीं त्यांस तिरकें छेदावें, जाळीच्या एकेका घरांत टिंब ठेवावें, उजेड हवा तेथें रेघ बारीक करीत करीत विरून जाऊं द्यावी. भुंवईखालच्या खळग्यांत रेघा दाट झाल्या आणि मध्यें कागदाचा एक कण कोरा राहिला, कीं दगडी डोळ्यास दृष्टि येते. रुबेन्सनें मूर्तींच्या अनुकरणाविषयीं लॅटिनमध्यें एक छोटें टिपण लिहून ठेविलें होतें. चित्रकारानें मूर्ति आत्मसात् करावी, परंतु चित्रास दगडाचा वास येऊं देऊं नये, असा त्याचा आशय. या बारा पत्र्यांत तो पाळला गेला आहे. याच काळांतील क्लोद मेलां नांवाच्या फ्रेंच खोदकारानें रोमच्या जुस्तिनियानी घराण्यांतील संगमरवरी मूर्ती कोरल्या, आणि १६४९ सालीं तर ख्रिस्ताचें मुख नाकाच्या शेंड्यापासून निघणाऱ्या एकाच चक्राकार रेघेंत कोरून दाखविलें. रेघ कोठें जाड, कोठें बारीक, एवढ्यावर सारा चेहरा. तें चित्र पाहून आम्ही थक्क झालों. तरीही तेथें खोदकार मुखाकडे थोडा आणि आपल्या हाताकडे फार पाहत आहे, असें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

या चित्रांच्या तळाशीं दोन नांवें असतात. एकापुढें 'डेलिनेआव्हिट्', म्हणजे रेखाटिलें. दुसऱ्यापुढें 'स्कल्प्सिट्', म्हणजे कोरलें. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखें होतें, कारण आपल्याकडील कित्येक ताम्रपटांच्या अखेरीसही 'लिखितम्' आणि 'उत्कीर्णम्' हीं पदें दोन निरनिराळ्या नांवांसह येतात. मान मात्र दोघांस सारखा मिळत नसे. व्होर्स्टरमन यानें याच कारणानें रुबेन्सशीं भांडण मांडलें. चित्रांस जी काय किंमत आहे ती माझ्या कोरण्यामुळें व माझ्या नांवामुळें, असें तो म्हणूं लागल्याचें रुबेन्सनेंच १६२२ सालच्या एका पत्रांत लिहिलें आहे. प्रकरण इतकें चिघळलें कीं रुबेन्सच्या जिवास धोका आहे म्हणून त्याच्या मित्रांस राज्यकर्त्या इझाबेलाकडे संरक्षण मागावें लागलें! आमची सहानुभूति अर्थातच रुबेन्सकडे आहे. पण संपूर्ण नाहीं.

आणखी एक गंमत पुतण्यांनीं सांगितली. बारा जणांतील सेनेकाची मुद्रा सर्वांत हृदयस्पर्शी आहे: कृश, खोल गेलेले डोळे, विस्कटलेले केंस. रुबेन्सजवळ रोमहून आणलेला असा एक पुतळा होता, व हाच तो तत्त्वज्ञ अशी त्याची खात्री होती. पुढें १८१३ सालीं रोम येथें नांव कोरलेला सेनेकाचा खरा पुतळा सांपडला. तो चांगला भरल्या अंगाचा, टकलाचा गृहस्थ निघाला! एवढी निर्दोष रेघ, एवढा जिवंत चेहरा, आणि नांव भलत्याचें.

त्याच दिवशीं माळ्यावरून चतुर्थीसाठीं तांब्यापितळेचीं भांडीं उतरविलीं होतीं. जुनें तांबें मोडींत घालून सूर्यशक्तीवर पाणी तापविण्याचें यंत्र घ्यावें असा घरांत विचार चालला होता, आणि मोडीचा ढीग पडवीच्या टोंकाशीं पडला होता. पुतणे हातांतील बहिर्गोल भिंग घेऊन तिकडे गेले. आपल्या भांड्यांवरील नांवें ब्युरिननें कोरलेलीं नसतात. छिन्नीवर हातोडीचे बारीक ठोके देत देत एकेका टिंबानें अक्षर उठविलेलें असतें. एका घंगाळाच्या कांठावर त्यांनीं नांव वाचलें व विचारलें, "काका, ह्या कोण?"

त्या आमच्या एक चुलत आजी. लग्नानंतर तीनच वर्षांनीं, पहिल्या बाळंतपणांत वारल्या. त्यांची तसबीर नाहीं. घरच्या वंशावळींत पुरुषांचीं नांवें तेवढीं आहेत. श्राद्धांतील नामोच्चारही तीन पिढ्यांपर्यंत, व तोही सरळ वंशाचा. आम्हीं सारें घर हुडकलें तरी, त्या या घरांत नांदल्या याची खूण म्हणून घंगाळाच्या कांठावरील वीत दीड वीत टिंबांखेरीज कांहीं नव्हतें. वहिनींनीं कांहीं न बोलतां तें घंगाळ ढिगांतून उचलून चिंचेनें घासावयास घेतलें. पाण्याचें यंत्र पुढें आलें. तें घंगाळ न मोडतां आलें.

तेव्हांपासून तांब्यावरील रेघ आमच्या डोक्यांतून जाईना, म्हणून माघांत आम्ही पहिली वाट धरिली. इन्सुलीहून जुनें गोवें पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बॉम जेझूस मंदिरांत सेंट झेवियरचें थडगें आहे. त्याची रंगीत पाषाणांची बैठक व ब्राँझचे चित्रपट फ्लॉरेन्सच्या फोजिनी नांवाच्या मूर्तिकारानें घडविले, व टस्कनीच्या महाराजांची देणगी म्हणून १६९८ सालीं तें काम येथें उभें झालें. तें थडगें पाहण्याजोगें आहे. परंतु आमचें लक्ष त्याहून शंभर वर्षें मागें होतें. १५८३ ते १५८८ या काळांत यान हौखेन फान लिन्स्खोटेन नांवाचा एक डच तरुण येथील आर्चबिशपचा चिटणीस होता. परत गेल्यावर त्यानें लिहिलेला प्रवासग्रंथ १५९६ सालीं अ‍ॅमस्टरडॅमला निघाला, आणि त्यांतील चित्रें डोटेकम घराण्यांतील खोदकारांनीं तांब्यावर कोरलीं. बाजार, पालखी, नारळीचीं झाडें, वाणी, शेतकरी हें सारें त्यांत मोठ्या कौशल्यानें आलें आहे. त्यांतच आपल्या देवाची एक मूर्ति आहे: डोक्यास शिंगें, तोंडांत सुळे, वर पोपच्या मुकुटासारखा मुकुट!

गोव्याच्या भोंवतालच्या मुलुखांत, म्हणजे आमच्याच या पट्ट्यांत, असा देव कोणीं केव्हां पूजिला? पाषाण असेल, वारूळ असेल, चतुर्भुज मूर्ति असेल. शिंगांचा सैतान खास नव्हे. तो सैतान त्या लोकांच्या मनांत अगोदरपासून होता, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या खोदकारानें आमची मूर्ति जन्मांत पाहिली नव्हती. रेघ मात्र तितकीच कुशल, तितकीच ठाम. लिहिलेल्या खोट्यावर मनुष्य शंका घेतो. कोरलेल्या खोट्यावर घेत नाहीं, आणि तांब्याच्या एका पत्र्यापासून त्या खोट्याच्या शेंकडों प्रती निघतात. मंदिराबाहेरच्या हिरवळीवर बसून आम्हीं पुतण्यांनीं दिलेली त्या चित्राची प्रत पाहिली व तत्काळ घडी करून ठेविली. रागाचा पहिला झटका ओसरल्यावर मनांत आलें कीं सेनेकाचा खोदकार आणि हा, दोघांचेंही दुर्दैव एकच: समोर जें ठेविलें तें त्यांनीं कोरलें.

गोव्यास छापखाना १५५६ सालींच आला होता. फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोळला छापलें गेलें, तेंही रोमन अक्षरांत. मराठी मुलुखांत नागरी अक्षराचा छाप उठावयास अजून पुष्कळ काळ होता, आणि तो एके ठिकाणीं खिळ्यांवांचूनही उठला. त्याकडे पुढें येऊं.

दुसरी वाट नेरूरची. कुडाळहून नेरूर जवळच आहे. कलेश्वराचें देवालय तेथील मुख्य स्थान. ताम्रपट पाहावयास मिळेल या आशेनें मात्र कोणी तेथें जाऊं नये. ते केव्हांच संग्रहालयांकडे व संशोधकांकडे गेले. आम्ही गेलों तें केवळ ती भूमि पाहावी म्हणून. सातव्या शतकांत बदामीच्या चालुक्यांच्या घराण्यांतील चंद्रादित्याची राणी विजयभट्टारिका हिनें दिलेले दानपत्र येथें व वेंगुर्ल्याजवळ कोचरें येथें सांपडले. एका स्त्रीनें आपल्या राज्यवर्षाची गणना घालून दिलेलें शासन! कांहीं पंडित तिलाच विज्जिका ही संस्कृत कवयित्री मानतात. चुलत आजींचें घंगाळ नुकतेंच पाहिलेलें असल्यामुळें आम्हीं त्या शासनाचा विचार जरा निराळ्या मनानें केला. राणीचें नांव राहिलें तेंही तांब्यामुळेंच. आमच्या या मुलुखांत ताडपत्र चार पावसाळ्यांत बुरसतें, कागदास वाळवी लागते, लांकूड कुजतें. तांबें हिरवें पडतें, पण अक्षर सोडीत नाहीं. याज्ञवल्क्यानें भूमिदानाचें शासन कापडावर किंवा ताम्रपट्टावर लिहून मुद्रांकित करावें अशी आज्ञा केली आहे. कापडावरचीं सारीं शासनें कोठें गेलीं हें सांगावयास नकोच.

याच जिल्ह्यांत उत्तरेस खारेपाटण आहे. तेथील शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा, ताम्रपट प्रथम वाचून प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनीं. बाळशास्त्री देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे. 'दर्पण'कार म्हणून सर्व जग त्यांस ओळखतें. आपल्याच मुलखांतलें तांबें वाचणारे म्हणून त्यांस ओळखणारे थोडे, यास्तव येथें मुद्दाम लिहिलें.

परतीच्या एस. टी. मध्यें आम्हांस एका प्रश्नानें पछाडलें. हजारबाराशें वर्षें ज्या देशांत तांबें कोरलें जात होतें, तेथें त्या चरांत शाई चोळून वर कागद दाबावा ही बुद्धि कोणास कां झाली नाहीं? हात होता, धातु होता, पुढें कागदही आला. आम्हांस वाटतें, ताम्रपटाची सारी प्रतिष्ठा तो एकटा असण्यांत होती. शासनाची दुसरी प्रत म्हणजे लबाडी. हर्षवर्धनाच्या मधुबन येथील ताम्रपटांत, वामरथ्य नांवाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे खोट्या ताम्रपटाच्या, बळावर एक गांव उपभोगीत होता म्हणून त्याचें तें शासन मोडून गांव काढून घेतल्याचें लिहिलें आहे. (आपल्या जातीचें नांव अशा ठिकाणींही येतें हें वाचकांनीं मनास लावून घेऊं नये.) जी वस्तु एकच असावी म्हणून कडी ओंवून वर राजमुद्रा ठोकली, तिच्या शंभर प्रती काढण्याचें मनांत येणार कोणाच्या? अनेक प्रती हव्या असल्या तर आपण हात वाढवीत होतों, पत्रा नव्हे. सावंतवाडीच्या चितारआळींतली दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा अशीं एकशेंवीस वाटोळीं पानें, आणि एकूण एक पान हातानें रंगविलेलें.

हें कोडें सुटलें तें पुण्यास, पेशवाईच्या उतरत्या काळांत. आणि सोडविलें तांबटांनीं. इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट १७८६ पासून पुण्याच्या दरबारीं होता. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला व लवकरच पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्या तसबिरी त्यानेंच केल्या. याच मंडळींत गंगाराम चिंतामण तांबट नांवाचा आपला एक मराठी चित्रकार होता. पेशव्यांच्या शिकारखान्यांतला गेंडा त्यानें काढिला; वेरूळचीं लेणीं व तेथील मूर्ती मॅलेटनें त्याच्याकडून काढवून घेतल्या. त्याचीं चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहीं आहेत व त्यांच्या छायाप्रती घरबसल्या पाहतां येतात. त्या पाहतांना लिन्स्खोटेनचा शिंगाडा देव आठवावा, म्हणजे दोहोंतील अंतर कळेल. त्यापूर्वीं कार्स्टेन नीबूर यानें १७६४ सालीं तीनदां घारापुरीस जाऊन मोजमापें घेऊन मूर्ती रेखाटल्या होत्या, व त्याच्या ग्रंथांत १७७८ सालीं त्या तांब्यावरून छापल्या गेल्या. शिंगें गळालीं तीं तेथें. परंतु नीबूर झाला तरी परका. गंगारामास मूर्तीच्या हातांत काय आहे हें कोणास विचारावें लागलें नसेल.

वेल्स १७९५ सालीं वारला. त्याचीं वेरूळचीं चित्रें १८०३ सालीं टॉमस डॅनियल यानें विलायतेंत चोवीस मोठ्या पटांच्या रूपानें प्रसिद्ध केलीं. रेघ न कोरतां राळेची भुकटी व आम्ल यांच्या योगें तांब्यावर छटा पाडण्याची ती रीत होती. पट देखणे आहेत. पृष्ठावर नांवें वेल्सचें व डॅनियलचें. व्होर्स्टरमन निदान भांडूं तरी शकला. गंगारामाची ओळख त्याच्या स्वतःच्या कागदांवरून पटावयास पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

तिसरी वाट आम्हीं मिरजेची धरिली ती याच पुण्याच्या कथेच्या उत्तरार्धासाठीं. आंबोली चढून आजऱ्यावरून कोल्हापूर व तेथून मिरज. ही कथा अनंत काकबा प्रियोळकर यांनीं हिंदुस्थानांतील मुद्रणाच्या आपल्या १९५८ च्या ग्रंथांत सांगितली आहे. मॅलेटच्या आश्रयानें पुण्यांतील एका तांबटास तांब्यावर उलटीं अक्षरें कोरून छाप काढण्याची कला साधली. नाना फडणिसांच्या मनांत आलें कीं या रीतीनें भगवद्गीता छापून ब्राह्मणांस द्यावी. काम सुरू झालें. तोंच सवाई माधवरावांचा अंत झाला, पुण्यांत उलथापालथ झाली, मॅलेट परत गेला. कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या पदरीं राहिला, आणि १८०५ सालीं, शके १७२७ त, मिरजेस गीता छापून झाली. सारी गीता, सातशें श्लोक, पत्र्यावर पत्रा, प्रत्येक अक्षर उलटें.

आमच्या वाचकांस यांतील धाडस कदाचित् जाणवणार नाहीं. पुढें मुंबईस गणपत कृष्णाजींस धर्मग्रंथ छापतांना शाईंत चरबीऐवजीं तूप घालावें लागे, तेव्हां कोठें सोंवळ्यांत तीं पुस्तकें शिरत. एवढा छापाचा विटाळ होता. मिरजेचें काम त्याच्याही पूर्वींचें. आणि कारागिराचें पाहा. त्याच्या वडिलांनीं, आजानें भांड्यांवर सुलटीं नांवें घातलीं. त्याचा हात सुलट्या अक्षराचा. 'धर्मक्षेत्र' हा शब्द डावीकडून उजवीकडे न्यावयाचा तो त्यानें उजवीकडून डावीकडे नेला. काना मागें, वेलांटी पुढें, जोडाक्षराचें पोट भलत्या अंगास. एक मात्रा चुकली तर पत्रा खरवडून पुन्हां गुळगुळीत करावयाचा.

मिरजेंत सतारमेकरांचीं दुकानें पाहिलीं, किल्ल्याच्या बाजूस फिरलों, आणि गाडीस अवकाश होता म्हणून भांड्यांच्या एका दुकानापाशीं थबकलों. ओट्यावर एक वृद्ध कारागीर पितळी डब्यावर नांव घालीत होता. हल्लीं हें काम विजेच्या सुईनें होतें. याची छिन्नी-हातोडीच होती. आम्हीं आपली इच्छा सांगितली. तो प्रथम हंसला, मग त्यानें तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा गुडघ्याखालीं धरिला व 'श्री' उलटा घालण्यास आरंभ केला. दोन ठोके देऊन थांबला. डोळे मिटून बोटानें हवेंत अक्षर काढिलें, पुन्हां ठोके दिले. भांड्यावर एरवीं क्षणांत उमटणारें अक्षर, त्यास पाव तास लागला. आम्हीं काजळ व खोबरेल खलून पत्र्यास चोळलें, रुमालानें पुसलें, वहीचा कागद ओला करून वर ठेविला, व त्यानें डावाच्या पाठीनें तो रगडला. कागद उचलला तों फिकट, थोडा तिरका, पण सुलटा 'श्री' वर आला होता.

त्यानें तो कागद उजेडांत धरून बराच वेळ पाहिला, शेजारच्या दुकानदारास हांक मारून दाखविला, आणि मग पत्र्याचा तुकडा आमच्या हातीं देत म्हणाला, "गुरुजी, कागद मी ठेवतों. पण असलें उलटें नांव घातलेलें भांडें कुठली पोर सासरीं नेणार, सांगा!"